उणे दोन

मंगळवारी, अकरा नोव्हेंबरला, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी सायली गावातल्या एका सूत कारखान्याच्या गेटवर ममता वसावेचं कार्ड चाललं नाही. तिने ते तीनदा लावलं. तिन्ही वेळा लाल दिवा लागला. मागे रांग होती. वॉचमनने तिला बाजूला घेतलं आणि पॅकिंगचे सुपरवायझर सुकदेव पाटील यांना फोन लावला.

सुकदेव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

"ममताबाई, आज घरी जा."

"घरी? का बरं, सुकदेवभाऊ?"

"भिवंडीवाल्यानं लॉट नापास केला. काल संध्याकाळी मेल आला. माल मळका आहे म्हणतो."

"माझ्या टेबलचा?"

"पूर्ण तुझ्याच टेबलचा. अठ्ठेचाळीस कार्टन."

"मळका कसा राहील? मी भरला ना. दुधासारखा होता."

सुकदेवांनी कागद तिच्यापुढे धरला. उघड्या कार्टनचा फोटो होता. वरच्या थरातले सहा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, राखेच्या रंगाचे दिसत होते.

"हा आपला मालच नाही," ममता म्हणाली.

"नंबर बघ."

कार्टनच्या कडेवर मार्करने ३१ लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच होतं. तिने कागद परत दिला आणि दोन्ही हात पुढे केले. सुकदेवांनी हातांकडे पाहिलं नाही. मॅनेजर साहेबांचा हुकूम आहे, चौकशी होईपर्यंत कार्ड बंद राहील, एवढं सांगून ते आत गेले.

ममता चौतीस वर्षांची आहे. माहेर नवापूरजवळ, सासर नंदुरबार तालुक्यात. आठ वर्षं ती या कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे आणि जवळच्या आमलीत एका खोलीत राहते. या डिसेंबरपासून ठेक्यावरच्या चार जणांना कंपनीत कायम करायचं ठरलं आहे. यादीत तिचं नाव तिसरं आहे. यादी वीस नोव्हेंबरला बंद होणार आहे, आणि ज्याच्यावर मालाची तक्रार सिद्ध होईल त्याचं नाव यादीतून जाईल, असं नोटिशीत लिहिलेलं आहे. ती नोटीस अजूनही पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर आहे.

तिच्या विरुद्ध एक गोष्ट जात होती, आणि ती सगळ्या पॅकिंगला माहीत होती. सूत मळू नये म्हणून पॅकिंगच्या बायकांना सुती हातमोजे मिळतात. ममताने उजव्या मोज्याची दोन बोटं टोकाशी कापलेली होती. मोजा घातला की चिकटपट्टीचं टोक सापडत नाही, म्हणून सगळ्याच जणी तसं करतात. सुकदेवांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. पण मंगळवारी मॅनेजरच्या टेबलावर तो मोजा फोटोच्या शेजारी ठेवलेला होता.

माल भिवंडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून होता. तो उघडून पाहावा, हे कुणालाही सुचेल. पण घेणाऱ्याचा नियम वेगळा होता. आधी फोटो तपासायचे. फोटो पास झाले तरच कार्टन उघडायचं, कारण कार्टन उघडलं की माल स्वीकारला असं धरलं जातं. फोटो नापास होते, म्हणून कार्टन बंद होती.

कार्टन बंद करण्याआधी त्यांचे फोटो काढण्याचं काम क्वालिटी विभागातल्या तुषार सोनवणेकडे आहे. वय पंचवीस, मूळचा साक्रीचा. दिवाळीपर्यंत तो हे फोटो मोबाइलवर काढत असे. दिवाळीनंतर कारखान्यात आत मोबाइल न्यायला बंदी आली, तेव्हा कपाटातला कॅमेरा बाहेर निघाला. भिवंडीचा लॉट हा त्या कॅमेऱ्यावर काढलेला पहिला लॉट. गुरुवारी, सहा तारखेला, तुषारने अठ्ठेचाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चांगले दिसले. पडद्याची चमक कुणीतरी पूर्ण वाढवून ठेवलेली होती, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. संगणकावर टाकलेले फोटो त्याने उघडून पाहिले नाहीत. एकत्र करून मेलने भिवंडीला पाठवले.

मंगळवारी त्याने ते पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिले. दहाच्या सुमाराला तो पॅकिंगमध्ये आला.

"फोटो अंधारे आहेत," तो सुकदेवांना म्हणाला. "माल मळका नाही. फोटोच डार्क आलाय."

"हे मॅनेजरला सांग."

"सांगितलं. ते म्हणतात, साबित करो."

"मग कर."

तुषारने सिद्ध करायला घेतलं. टेबलावरच्या सहा ट्यूबपैकी दोन लुकलुकत होत्या, त्या बदलून घेतल्या. नव्या लॉटचं एक कार्टन उघडून फोटो काढला. काळपट. काच पुसली. बॅटरी बदलली. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसून कोरं केलं. फ्लॅश लावला, तेव्हा कोनावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या चकाकल्या आणि त्या चकाकीच्या बाजूला सूत पुन्हा काळपटच दिसलं. पॅकिंगच्या चंदाने चादरीसारखं एक पांढरं कापड आणून मागे धरलं. फोटो आणखी काळा आला.

"कॅमेऱ्याला नजर लागली असेल," चंदा म्हणाली. "मीठ-मिरची ओवाळू का, तुषारभाऊ?"

"ताई, कापड धरा नीट."

"धरलंय. तीन तास झाले धरून. माझाच फोटो काढा आता, गोरी तरी दिसेन का बघू."

"काळीच दिसशील," सुकदेव म्हणाले.

"मग मलापण गेटबाहेर काढाल."



दुपारी तुषारने कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग पुसून मूळ स्थितीला आणल्या. त्याने पडद्याची चमक खाली आली आणि चित्र आता पडद्यावरही काळपट दिसू लागलं. पडद्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत चार आकडे होते. त्यांतला एक उणे दोन होता. तुषारने चित्र पाहिलं, ओळ पाहिली नाही. संध्याकाळी त्याने मॅनेजरला सांगितलं की कॅमेरा बिघडला असावा. मॅनेजरने विचारलं, बिघडला तर गेल्या वर्षी याच कॅमेऱ्याने काढलेले कार्यक्रमाचे फोटो ठीक कसे होते.  रीतसर परवानगीची चिठ्ठी घेऊन तुषार कॅमेरा बाहेर घेऊन गेला.

बुधवारी सकाळी दहाला तो आमलीत गोकुळ बिऱ्हाडे यांच्या फोटो स्टुडिओत होता. गोकुळ अमळनेरचे. सव्वीस वर्षं आमलीत दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, कामगारांची ओळखपत्रं. त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही. आधी कार्ड मागितलं.

"कॅमेरा बघा ना काका."

"कॅमेरा काय बघू भो? तो बोलत नाही. फोटो बोलतो."

कालचे चाचणीचे फोटो कार्डवर होते. गोकुळांनी एक संगणकावर घेतला, त्यावर उजवं बटण दाबून माहितीची खिडकी उघडली आणि बोट ठेवत खाली आले. शटर. छिद्राचा आकडा. आयएसओ. त्याच्या खाली एक्स्पोजर बायस. समोर लिहिलं होतं, उणे दोन स्टेप.

"हे कुणी केलं?"

"मी काहीच केलं नाही. उलट काल सगळं रीसेट मारलं."

"रीसेटनं जाणार नाही. हे मेनूत नसतं, वर चाक असतं. एक घर खाली म्हणजे उजेड निम्मा. दोन घरं खाली म्हणजे चौथाई. वरून तुमचा माल पांढरा. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही, तो सगळ्याला राखाडी समजून स्वतःच उजेड कापतो. नवरदेव पांढरी सफारी घालून आला की आम्ही उलट एक घर वर चढवतो. तुम्ही मागे पांढरं कापड धरलं होतं का?"

"हो."

"शाबास."

त्यांनी आता कॅमेरा हातात घेतला आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. चाक दिसत नव्हतं. तिथे लाल-पिवळी नाडाछडी, म्हणजे पूजेचा धागा, पाच-सहा वेढे घालून घट्ट बांधलेली होती. वेढ्यांखाली तिथली दोन्ही चाकं झाकली गेली होती. गाठीत झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकलेली होती.

तो धागा दसऱ्याचा होता. दोन ऑक्टोबरला पॅकिंगमध्ये पूजा झाली, तेव्हा वजनकाटा, पट्टी आवळायचं यंत्र, कटर आणि कॅमेरा हे सगळं एका टेबलावर मांडून त्यांना हळदकुंकू लावलं आणि धागे बांधले होते. असा धागा कुणी काढत नाही, तो आपला झिजून पडतो. यंत्रांवरचे धागे तेलाने आणि उष्णतेने दिवाळीच्या आतच गळून गेले होते. कॅमेरा कपाटात होता, म्हणून त्याचा धागा नव्यासारखा राहिला. मंगळवारी तुषारच्या, सुकदेवांच्या आणि चंदाच्या डोळ्यांसमोर तो दिवसभर होता.

गोकुळांनी खणातून कात्री काढली.

"कापू नका काका."

"का रे?"

"पूजेचा आहे."

"मग चाक फिरवू कसं? मंत्रानं?"

"बांधणारीकडून सोडवून आणतो."

"कोण आहे बांधणारी?"

तुषारने कॅमेरा पिशवीत घातला आणि निघाला. ममताची खोली तिथून दोन गल्ल्या मागे होती.

ती दारात बसून गव्हातले खडे काढत होती. तुषारला पाहून उठली.

"कार्ड सुरू झालं का, भाऊ?"

"नाही अजून. हा धागा सोडून द्या फक्त."

"का?"

"याच्या खाली चाक आहे. ते बघायचंय."

ममताने हात धुतले, पुसले आणि कॅमेरा मांडीवर घेतला. गाठ तिनेच मारली होती, तरी सुटायला वेळ लागला. वेढे सोडताना खालचं छोटं चाक बोट लागलं तरी फिरेल इतकं सैल आहे, हे दोघांना दिसलं. वेढे निघाले. चाकावरची पांढरी रेघ उणे दोनसमोर उभी होती.

"हे इथं नको होतं का?" तिने विचारलं.

"शून्यावर पाहिजे होतं."

"कुणी फिरवलं?"

 ममताने धाग्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. धाग्याचे दोन वेढे तिने पुन्हा चाकावर घातले आणि दसऱ्याला ओढला होता तसा ओढून पाहिला. चाक आणखी एक घर खाली गेलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"कॅमेरा मी दिला होता बांधायला."

"तुम्ही दिला, बांधला मी. आता ते काय म्हणतील? आधी म्हणत होते हात मळके. आता म्हणतील, कॅमेरा पण हिनंच बिघडवला."

"बिघडला नाही. फक्त चाक फिरलं."

"त्यांना सांगा ना असं."

तिने धागा गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवला. तुषारने चाक शून्यावर आणलं आणि तिच्याच दारात सुपातल्या गव्हाचा एक फोटो काढला. फोटो उजळ आला. ममताने तो पाहिला आणि सूप आत नेलं.

बुधवारी दुपारी तीन वाजता तुषारने कारखान्यात नव्या लॉटच्या एकाच कार्टनचे दोन फोटो काढले. एक शून्यावर, एक उणे दोनवर. दोन्ही छापून मॅनेजरसमोर ठेवले. संगणकातले सहा तारखेचे मूळ फोटोही तपासले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फोटोंवर उणे दोनची नोंद होती. मॅनेजरने कागद दोन वेळा पाहिले.

"इससे ये साबित हुआ कि फोटो काला है," तो म्हणाला. "माल सफेद था, ये किधर साबित हुआ?"

सुकदेव तिथे होते. ते म्हणाले की मोज्याची बोटं पॅकिंगमध्ये सगळ्यांचीच कापलेली आहेत आणि ते त्यांना माहीत होतं. मॅनेजरने तेही लिहून घेतलं.

चौकशीचा एक छापील फॉर्म असतो. त्यात 'कारण' आणि 'जबाबदार व्यक्ती' असे दोन रकाने असतात. तुषारने पहिल्यात लिहिलं, "कॅमेऱ्याचं उजेडाचं चाक उणे दोनवर होतं. पाठवण्याआधी फोटो संगणकावर तपासले गेले नाहीत." दुसऱ्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. सुकदेवांनी फॉर्म वाचला.

"चाक कसं फिरलं, ते नाही लिहिलं."

"विचारलं तर सांगेन."

"विचारतील."

"तेव्हा बघू, सुकदेवभाऊ."

सुकदेवांनी खाली सही केली. धाग्याबद्दल गुरुवारी सकाळपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी तुषारने जुने अठ्ठेचाळीस फोटो गोकुळांकडून उजळून घेतले आणि मूळ फोटोंसह भिवंडीला पाठवले. सोबत चाकाबद्दल चार ओळी लिहिल्या. उत्तर दुपारी एक वाजता आलं. उजळलेले फोटो पुरावा धरता येणार नाहीत, असं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, कार्टन ३१, वरचा थर, डावीकडून दुसरा कोन: त्यावर डाग दिसतो, खुलासा करावा.

तुषार संध्याकाळी पुन्हा स्टुडिओत गेला. गोकुळांनी तो कोन पडदाभर मोठा केला. पांढऱ्या सुतावर अंगठ्याएवढा फिकट तपकिरी भाग दिसत होता. आजूबाजूलाही रंगीत दाणे होते, लाल, हिरवे, निळे.

"डाग आहे का, काका?"

"सांगता येत नाही."

"सव्वीस वर्षं फोटो काढताय तुम्ही."

"म्हणूनच सांगतो, सांगता येत नाही. अंधारातला फोटो वर ओढला की असे दाणे येतात. दाणे एका जागी जमले की डागासारखं दिसतं. पिशवीची सुरकुती असेल, तिची सावली असेल. नाहीतर डागही असेल. उजेड पडलाच नाही त्या जागी, तर मी आता कुठून आणू? कोन हातात घ्या आणि बघा."

रात्री साडेसातला तुषारने ममताला फोन केला. एकतीस नंबरचं कार्टन आठवतं का, असं विचारलं.

"एकतीस? नाही हो भाऊ. दिवसाला शंभर भरते."

"त्या दिवशी बोट कापलं होतं का? हाताला तेल, चहा, काही?"



"दुपारून चहा आला होता," ती म्हणाली. "पण हात धुतले होते मी. बहुतेक धुतले होते."

शुक्रवारी सुकदेवांनी भिवंडीला स्वतः फोन केला. अर्धा तास बोलणं झालं. कार्टन उघडलं की माल स्वीकारला असं होत असेल, तर उघडू नका, न उघडता एकतीस नंबर परत पाठवा, असं त्यांनी सुचवलं. घेणारा कबूल झाला. कार्टन इथे मॅनेजर, सुकदेव आणि तुषार अशा तिघांसमोर उघडायचं, आणि उघडताना शून्यावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, असं ठरलं. मॅनेजरने अट घातली की ममता तेव्हा आत नसेल.

शनिवारी, पंधरा तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ट्रक भिवंडीतून निघाला. त्यात इतर मालासोबत एक कार्टन होतं. चार वाजता ममता गेटवर आली. तिने युनिफॉर्म घातलेला होता. वॉचमनने तिला सांगितलं की आत सोडायचा हुकूम नाही. ती म्हणाली, आत नको, ट्रक येईपर्यंत बाहेर बसते. चंदा सुट्टी झाल्यावर बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली.

"घरी जा गं. आला ट्रक तर मी फोन करते."

"तू जा. मुलं वाट बघतील."

"आणि डाग निघाला तर?"

"तर मला बघायचाय तो," ममता म्हणाली. "माझा आहे का नाही, ते मला कळेल."

चंदा गेली नाही.

सव्वापाचला तुषारने पॅकिंगच्या टेबलावर कॅमेरा आणून ठेवला. चाक शून्यावर असल्याचं सुकदेवांनी पाहिलं आणि तशी वेळेसह नोंद केली. मॅनेजर सहापर्यंत थांबला, मग कार्टन त्याच्याशिवाय उघडू नये असं सांगून निघून गेला. त्याने सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली.

सहा वाजून पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. ट्रक भिलाडला पोहोचला होता, पुढे रस्त्याचं काम चालू होतं, रांग लांब होती. ममता तेव्हा गेटसमोर बसलेली होती. सोमवारचं तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.